पिरान्हासाठी टँक केवढा हवा? आकार ठरवण्याची पद्धत

विक्रीला येणारं लाल पोटाच्या पिरान्हाचं पिल्लू जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं असतं. रुपेरी अंग, त्यावर काळे ठिपके. अशी सहा पिल्लं तीन फुटी टँकमध्ये सोडली तरी टँक रिकामाच वाटतो, आणि नवखा माणूस नेमका इथे फसतो. नीट खायला मिळालं तर हाच मासा वर्षभरात पंधरा सेंटिमीटरच्या आसपास पोचतो. पुढे वाढ मंदावते, पण थांबत नाही. घरच्या टँकमध्ये पूर्ण वाढलेला मासा साधारण २५ सेंटिमीटरचा होतो, काही ३० पर्यंतही जातात. अंग उंच, जाड, जबडा भक्कम. नीट सांभाळला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगतो. टँक घ्यायचा तो या मोठ्या माशासाठी आणि त्याच्या एवढ्या आयुष्यासाठी. पिल्लाच्या मापाने घेतलेला टँक वर्षाच्या आत अपुरा पडतो, आणि त्याची किंमत मासे एकमेकांच्या शेपट्या तोडून चुकवतात.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. टँक आधी आणि मासा नंतर, हे तर आहेच. पण टँकच्याही आधी ठरवायच्या दोन-तीन गोष्टी आहेत.

पायरी १: परवानगी आणि ओळख

पिरान्हा पाळायला अनेक देशांत, आणि अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत, बंदी आहे किंवा परवाना लागतो. आपल्या ठिकाणचा नियम आधी बघा. नियम आड येत असेल तर पुढचं सगळं सोडून द्या. अशा बंदीला कारण आहे. टँक लहान पडला, मासा नकोसा झाला की लोक तो तळ्यात किंवा नदीत सोडतात, आणि परक्या पाण्यात सोडलेला शिकारी मासा तिथल्या माशांचं नुकसान करतो. चुकीच्या मापाचा टँक हे अशा सोडून देण्याचं एक मोठं कारण आहे, म्हणून मापाबद्दल मी इतका आग्रही आहे.

मग समोरचा मासा नक्की कोणता, हे बघा. ‘पिरान्हा’ म्हणून पुष्कळदा पाकू विकला जातो. लहानपणी दोघंही रुपेरी, दोघांचंही पोट लालसर होतं, आणि सवय नसलेल्या नजरेला फरक कळत नाही. जबडा आणि दात बघा. पिरान्ह्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि दात त्रिकोणी, धारदार असतात. पाकूचे दात चपटे, दाढांसारखे असतात, कारण तो मुख्यतः फळं आणि बिया फोडून खातो. लाल पोटाचा पाकू पाऊण मीटरच्या पुढे वाढू शकतो. त्याला या लेखातला कोणताच टँक पुरणार नाही. घरच्या टँकसाठी तो मासा मुळात नाहीच.

खऱ्या पिरान्ह्यांत नवख्यांच्या हाती बहुधा लाल पोटाचा पिरान्हा येतो, शास्त्रीय नाव पायगोसेंट्रस नॅटेरेरी. ॲमेझॉनपासून पाराग्वे-पाराना खोऱ्यापर्यंत तो सापडतो. त्याच कुळातला करिबा ओरिनोको खोऱ्यातला, तर पिराया ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीतला. पिराया या तिघांत सर्वांत मोठा होतो. या तिघांचा हिशेब सारख्याच पद्धतीने करायचा, पिरायासाठी फक्त माप वाढवायचं. काळा पिरान्हा, म्हणजे सेरासाल्मस ऱ्हॉम्बियस, हे प्रकरणच वेगळं आहे. तो एकटा राहणारा मासा आहे, कळपात ठेवायचा नाही, आणि ३५ सेंटिमीटरच्या पुढे वाढू शकतो. सुरुवात त्याच्यापासून करू नका.

पायरी २: किती मासे ठेवायचे

पिरान्ह्याचा कळप म्हणजे शिकारीची टोळी, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात हा मासा बराच भित्रा आहे. मगरीच्या जातीतले केमन, नदीतले डॉल्फिन, पाणकावळे हे सगळे त्याला खातात, आणि तो जमाव करून राहतो तो मोठ्या प्रमाणात स्वतःच्या बचावासाठी. हेल्डर केरोझ आणि ॲन मॅगुरन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाल पोटाचे पिरान्हे दोनच्या आणि आठच्या गटांत ठेवून त्यांच्या श्वासाचा वेग मोजला होता. आठच्या गटातले मासे शांतपणे श्वास घेत होते. हल्ल्याचा भास निर्माण केल्यावरही ते लवकर सावरले. दोनच्या गटातल्यांचा श्वास जास्त वेगाने चालला होता.

टँकच्या मापावर याचा थेट परिणाम होतो. एकटा मासा लहान टँकमध्ये जगतो, पण दिवसभर लाकडामागे दडून बसतो आणि कोणी समोरून गेलं की काचेवर धडकतो. दोन ठेवले तर बहुतेक वेळा एक मालक होतो आणि दुसरा मार खातो. तिघांतही मार खाणारा एकच राहतो. पाच-सहा झाले की दादागिरी वाटली जाते आणि एकाच माशावर सगळा राग निघत नाही. म्हणून माझं मत असं: लाल पोटाचे पिरान्हे ठेवायचे तर कमीत कमी पाच, आणि पाचांना पुरेल एवढा टँक शक्य नसेल तर दोन-तीन ठेवण्याची तडजोड करू नये. त्यापेक्षा दुसरा मासा निवडावा. लहान जागेत आनंदाने राहणारे कितीतरी सुंदर मासे आहेत.

पिल्लं वाढताना एकमेकांना खातात, विशेषतः त्यांच्या मापात फरक असेल आणि भूक लागलेली असेल तर. ‘एखादा मरेल’ म्हणून आठ-दहा पिल्लं एकदम आणण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मला पटत नाही. सारख्या मापाची पाच-सहा पिल्लं आणा, लहान असताना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला द्या, आणि टँक सगळी जगतील असं धरूनच घ्या.

पायरी ३: आधी रुंदी, मग लांबी

विकणारा तुम्हाला लांबी सांगतो आणि लिटर सांगतो. तुम्ही रुंदी विचारा. रुंदी म्हणजे समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर.

पिरान्हा दिवसातला बराच वेळ जवळजवळ एका जागी तरंगत असतो. भांडण होतं ते एक मासा दुसऱ्याच्या जागेत आल्यावर, आणि हरणाऱ्या माशाला त्या क्षणी वळून बाजूला जाता आलं पाहिजे. टँक अरुंद असला की २५ सेंटिमीटरच्या माशाला वळायला शरीर वाकवावं लागतं. वळेपर्यंत दुसऱ्याने शेपटीचा तुकडा तोडलेला असतो. रुंद टँकमध्ये तोच मासा एका झटक्यात वळून निघून जातो आणि भांडण तिथेच मिटतं. म्हणून सहा फूट लांब पण दीड फूट रुंद टँकपेक्षा पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद टँक मी केव्हाही चांगला मानतो. पाण्याचं प्रमाण जवळपास सारखं असलं तरीही.

मी धरतो तो हिशेब असा. पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी घ्या. रुंदी तिच्या निदान दुप्पट हवी, लांबी निदान सहापट. २५ सेंटिमीटरच्या माशाला ५० रुंदी आणि १५० लांबी येते. मासा ३० पर्यंत जाऊ शकतो म्हणून रुंदी ६० करा. म्हणजे पाच बाय दोन फुटांचा तळ, पाच माशांसाठी. यापेक्षा लहान तळावर लाल पोटाच्या पिरान्ह्यांचा कळप मी कोणालाही सुचवणार नाही. सात-आठ मासे हवे असतील तर लांबी १८० ते २०० आणि रुंदी ७५ करा. एकट्या काळ्या पिरान्ह्यालाही १८० बाय ७५ च्या खाली जाऊ नये. मासा एकच आहे म्हणून टँक छोटा चालेल, हा तर्क त्याच्या बाबतीत लागू पडत नाही.

सर्रास मिळणारा चार फुटी टँक, म्हणजे १२० बाय ४५ बाय ४५, पिल्लांना वर्षभर पुरतो. तेवढ्यासाठी तो घेऊ नका. ‘आत्ता छोटा घेतो, नंतर मोठा घेईन’ ही योजना क्वचितच पार पडते. पार पडली तरी दोन टँक, दोन स्टँड, आणि मधल्या काळात दात असलेले मासे उचलून हलवण्याचा उपद्व्याप. शिवाय मोठ्या टँकमध्ये पिल्लं हरवतात, त्यांना खाणं सापडत नाही, ही भीती खरी नाही. रोज एकाच कोपऱ्यात खाणं टाका, चार दिवसांत ती तिथे येऊन थांबायला लागतात.

आता उंची. पिरान्ह्याला ५० ते ६० सेंटिमीटर उंची भरपूर झाली. जास्त उंचीने माशाला फारसं काही मिळत नाही. हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागातून, आणि पृष्ठभाग लांबी-रुंदीवर ठरतो. उंची वाढली की तळाशी काचेवरचा दाब मात्र वाढतो आणि काच जाड घ्यावी लागते. आणखी एक गोष्ट सुरुवातीला लक्षात येत नाही: ७५ सेंटिमीटर खोल टँकच्या तळातलं लाकूड हलवायचं तर खांद्यापर्यंत हात आत जातो. पिरान्ह्यांच्या टँकमध्ये हात जितका कमी आणि जितका थोडा वेळ जाईल तितकं बरं.

पायरी ४: खरे लिटर काढा

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. पाच बाय दोन बाय दोन फुटांचा टँक १५० × ६० × ६० म्हणजे ५४० लिटर. हा आकडा बाहेरच्या मापाचा आहे. १२ मिलिमीटर काच धरली तर आतलं माप १४७.६ बाय ५७.६ उरतं. पाणी काठापासून पाच सेंटिमीटर खाली ठेवलं, तळात तीन सेंटिमीटर वाळू आणि वर लाकूड घातलं की प्रत्यक्ष पाणी राहतं सुमारे ४४० लिटर. फिल्टर, हीटर, औषध, पाणी बदलणं या सगळ्याचा हिशेब ४४० वर करायचा. औषधाचा डोस ५४० धरून दिला तर तो जवळपास पाव पट जास्त पडतो.

पूर्ण वाढलेल्या प्रत्येक लाल पोटाच्या पिरान्ह्यामागे ७५ लिटर हे प्रमाण हौशी लोकांत जुनं आहे. मी ते किमान मानतो, तेही खऱ्या लिटरचं. वरच्या टँकमध्ये पाच माशांना प्रत्येकी ८८ लिटर येतात, हे ठीक आहे. गॅलनमधला आकडा वाचत असाल तर तो कुठला आहे ते बघा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, त्यामुळे १२५ गॅलन म्हणजे कुठे ४७३ लिटर तर कुठे ५६८.

पायरी ५: घराला झेपेल का

पाण्याचं वजन लिटरला एक किलो. ४४० किलो पाणी, शंभर किलोच्या आसपास काच, चाळीस-पंचेचाळीस किलो वाळू, त्यात लाकूड, झाकण आणि लोखंडी स्टँड. सहज ६५० किलोच्या पुढे, आणि तेही एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. राहत्या घरांच्या मजल्यांसाठी बांधकामाच्या नियमांत चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो वापरभार, म्हणजे माणसं आणि सामान यांचं वजन, धरलेला असतो. तो सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे एका जागी जास्त वजन आलं म्हणजे मजला लगेच खचेल असं नाही. पण अंदाजावरही सोडू नका. तळमजला असेल तर काळजी कमी. वरचा मजला असेल तर टँक खोलीच्या मध्यावर न ठेवता भार घेणाऱ्या भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा आणि इमारतीची रचना समजणाऱ्या अभियंत्याला दाखवून घ्या. पाणी भरण्याआधी स्टँडची पातळी स्पिरिट लेव्हलने तपासा. टँक जरा कलता असला तरी काचेच्या जोडांवर असमान ताण येतो.

रिकामा टँक शंभर किलोचा, म्हणजे चार माणसं लागणार. दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट आधी मोजा.

मग पाणी बदलण्याचा हिशेब. पिरान्हा मुख्यतः मांसाहारी आणि खाताना फार सांडणारा मासा आहे. तुकडे उडतात, कुजतात, अमोनिया वाढतो. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं धरलं तर १५० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दहा बादल्या बाहेर आणि दहा आत. पाण्यात क्लोरीन असेल तर तो काढूनच भरायचं. हे दहा वर्षं दर आठवड्याला करायचं आहे. नळापासून टँकपर्यंत आणि टँकपासून मोरीपर्यंत पाइप पोचेल अशी जागा असेल तर हे काम अर्ध्या तासाचं होतं. तशी जागा नसेल तर पहिल्या दोन महिन्यांनंतर पाणी बदलणं मागे पडू लागतं आणि मासे आजारी पडतात. जागा ठरवताना मी शोभेच्या आधी हा पाइप बघतो.

पायरी ६: टँकसोबतची सामग्री

फिल्टरचा प्रवाह ताशी खऱ्या पाण्याच्या पाच ते आठ पट ठेवा. ४४० लिटरला सहापट म्हणजे ताशी २६०० लिटरच्या पुढे. एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचे डब्यासारखे फिल्टर) घ्या, म्हणजे एक धुवायला काढला तरी दुसऱ्यातले उपयोगी जिवाणू काम करत राहतात. तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस हवं. हीटरही दोन, आणि शक्य असेल तर टँकबाहेर पाइपमध्ये बसणारे. आत ठेवायचे असतील तर जाळीच्या आवरणात, कारण पिरान्हे वायर आणि काचेच्या नळ्यांना चावतात. झाकण घट्ट आणि वजनदार हवं. दिवे मंद ठेवा. लाकडाचे मोठे तुकडे असे मांडा की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला थेट दिसणार नाही. नजरेची आड मिळाली की त्याच टँकमध्ये भांडणं कमी होतात. पण लाकडाने तळ भरून टाकू नका. पायरी ३ मध्ये मिळवलेली वळायची जागा तुम्हीच बुजवाल.

पायरी ७: मासे येण्याआधी पाणी तयार करा

टँक भरा, फिल्टर चालू करा, मासे न टाकता थोडा अमोनिया घाला आणि जिवाणू वाढू द्या. हे जिवाणू विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की पाणी तयार. यापुढे नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचं. ते आठवडाभरातच त्याच्या वर जात असेल तर खाणं जास्त होतंय किंवा माशांच्या मानाने पाणी कमी आहे. आधी खाणं कमी करून बघा.

पायरी ८: टँक अपुरा पडतोय हे कसं ओळखावं

शेपटीचा आणि परांचा अधूनमधून एखादा तुकडा गेलेला दिसला तर घाबरू नका, पर पुन्हा वाढतात. तोच मासा दर आठवड्याला फाटलेला दिसू लागला, किंवा तो पृष्ठभागाजवळच्या एका कोपऱ्यात अडकून राहिला आणि खायलाही पुढे येईना, तर जागेची तंगी सुरू झाली आहे. खाणं नसताना सतत पाठलाग होणं हीसुद्धा तशीच खूण. आणि टँकजवळ शांत बसलात तर कदाचित आवाजही येईल. बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये लाल पोटाच्या पिरान्ह्याचे तीन निरनिराळे आवाज नोंदवले: समोरासमोर आल्यावर भुंकल्यासारखा, खाण्यावरून भांडताना ढोलासारखा, आणि पाठलाग करताना जबड्याचा.

अशा वेळी आधी लाकडांची मांडणी पूर्ण बदला, म्हणजे ठरलेल्या हद्दी मोडतात. तेवढ्याने भागलं नाही तर मार खाणारा मासा वेगळा करा. जाळी वापरू नका, तो ती कातरून बाहेर पडेल. कडक प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा, मासा आत घ्या आणि पाण्यासकट उचला.

एखादा मासा गेला तर त्याच्या जागी नवा आणण्याची घाई करू नका. एकमेकांना ओळखणाऱ्या मोठ्या माशांत नवा, त्यातही लहान मासा सोडला तर तो बहुधा सकाळपर्यंत टिकत नाही. पाचाचे चार झाले तर चारच राहू द्या.